ऑपेराच्या ऑडिशनची तयारी आणि त्यातून शिकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, मुंबई, पुणे, पणजी आणि शिकायला लंडनला किंवा जर्मनीत गेलेली मुलंमुली मला वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न पाठवतात. काही मेसेज रात्री अकराला येतात आणि ऑडिशन दुसऱ्या दिवशी सकाळी असते. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी मेझो-सोप्रानो आहे, म्हणजे ऑपेरातला मधल्या पट्टीचा स्त्री-आवाज. इंग्लंड आणि जर्मनीत पुष्कळ ऑडिशन्स दिल्या, त्यातल्या बहुतेकींत निवड झाली नाही. आता मी शिकवते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: ऑडिशनच्या दिवशी आपल्याबरोबर आपला रोजचा आवाज येतो, घरी एखाद्या संध्याकाळी लागलेला सगळ्यात सुंदर आवाज येत नाही. तयारी करायची ती त्या रोजच्या आवाजाची.

१. ऑपेराच्या ऑडिशनमध्ये नेमकं काय होतं? किती वेळ मिळतो?

साधारण ५ ते १० मिनिटं मिळतात. खोलीत किंवा रंगमंचावर पियानो आणि पियानिस्ट असतो. समोर दोनपासून पाच-सहापर्यंत माणसं बसलेली असतात: कलाकारांची निवड पाहणारे, संगीत विभागाचे प्रमुख, कधी कंडक्टर, कधी दिग्दर्शक. तुम्ही नाव सांगता, पहिली आरिया (ऑपेरातलं एकल गाणं) कोणती ते सांगता आणि गाता. मग तुम्ही दिलेल्या यादीतून ते दुसरी मागतात किंवा आभार मानून थांबवतात (प्रश्न १६ पाहा). माइक नसतो. तुमचा आवाज ऑर्केस्ट्रावरून प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल का, हे त्यांना पियानोबरोबरच्या त्या काही मिनिटांत ओळखायचं असतं.

२. मी दहा वर्षं हिंदुस्थानी शास्त्रीय शिकले आहे. भाऊ चर्चच्या क्वायरमध्ये गातो. आम्हाला हे जमेल का?

दोघांकडेही भांडवल आहे, पण वेगवेगळं. तुमचा कान तयार आहे, सूर पक्का आहे आणि रोज बसण्याची सवय आहे. या सवयीची किंमत परदेशात गेल्यावर कळते. बदलावा लागतो तो आवाज लावण्याचा प्रकार. माइक आणि तानपुरा जवळ असताना गळ्यातली बारीक जागा ऐकू येते. ऑपेरात सत्तर वाद्यं वाजत असतात. ऑर्केस्ट्राचा सर्वाधिक जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याच्या वर तो उतरत जातो. घडवलेल्या आवाजात, विशेषतः पुरुषांच्या आणि खालच्या स्त्री-आवाजांत, ३,००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक पुंजका तयार होतो आणि त्या जोरावर आवाज वाद्यांच्या पलीकडे ऐकू येतो. ही घडण व्हायला काही वर्षं लागतात.

भावाला नोटेशन वाचता येत असेल, चार आवाजांत आपला आवाज धरून ठेवता येत असेल, लॅटिनची ओळख असेल. त्याची अडचण बहुधा उलटी असते. क्वायरमध्ये आपला आवाज बाकीच्यांत मिसळायला शिकवलेलं असतं आणि ऑडिशनला तो वेगळा ऐकू यायला हवा. वसईच्या आमच्या चर्चमध्ये मी पंधरा वर्षं मराठी भक्तिगीतं गायले. एकटीने पूर्ण आवाजात गायला लागल्यावर सुरुवातीला मला आपण उद्धटपणा करतोय असंच वाटायचं.

३. भारतात राहून कुठे शिकता येईल? ग्रेड परीक्षा पुरतात का?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मिळतं. भारतातला व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, २००६ मध्ये तिथेच उभा राहिला. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो (उंच स्त्री-आवाजाच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनच्या गिल्डहॉल या संगीत महाविद्यालयात शिक्षण घेतलं आणि तिथेच कारकीर्द घडवली. त्या आणि त्यांचे पती, पियानिस्ट मार्क ट्रूप, २००९ पासून भारतात येऊन तरुण गायकांना शिकवत आले आहेत. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं तेव्हा तिथे त्याच गायल्या.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षांमुळे वाचन सुधारतं, शिस्त लागते. ऑडिशनच्या पॅनेलला मात्र तुमचा ग्रेड विचारायचा नसतो. ग्रेड आठ झाला म्हणून ऑपेराची आरिया तयार झाली असं समजू नका.

ब्रिटनमधल्या बऱ्याच संगीत महाविद्यालयांचा अर्ज युकास कॉन्झर्व्हेटॉयर्स या सामाईक अर्जव्यवस्थेमार्फत होतो आणि त्याची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. गिल्डहॉलचा अर्ज वेगळा भरावा लागतो. आपल्याकडची मुलं डिसेंबरात चौकशी करतात आणि त्यांचं वर्ष जातं. म्हणून हे ठळक सांगते.

४. 'पाच आरिया तयार ठेवा' म्हणतात. त्या कशा निवडायच्या?

पाच आरियांतून आवाजाच्या पाच बाजू दिसल्या पाहिजेत. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषा आल्या पाहिजेत, एक मोत्सार्ट असायलाच हवा, एक जलद हवी, एक संथ हवी. हलक्या, तरुण मेझोसाठी मी देते ती एक यादी अशी: हँडलच्या १७२४ च्या 'जूलिओ चेझारे'तल्या सेस्तोची आरिया, मोत्सार्टच्या 'कोझी फान तुत्ते'मधल्या दोराबेल्लाची 'स्मानिए इम्प्लाकाबिली', गुनोच्या 'फाउस्ट'मधल्या सीएबेलची फ्रेंच आरिया, श्ट्राउसच्या 'फ्लेडरमाउस'मधल्या ऑर्लॉफ्स्कीचं जर्मन गाणं आणि १९५८ च्या 'व्हॅनेसा'मधली एरिकाची इंग्रजी आरिया. शेवटची जेमतेम दोन मिनिटांची आहे. पॅनेल उशिरा चालत असलं की छोटीच मागतात, त्यामुळे अशी एखादी यादीत असावीच.

या पाचही भूमिका तुमच्या वयाच्या आणि आवाजाच्या मुलीला खरोखर मिळू शकतात. निवडीची खरी कसोटी ही आहे. बावीस वर्षांच्या मुलीने तोस्कासारखी जड, प्रौढ आवाजाची भूमिका गायली तर ती कितीही छान गायली तरी पॅनेलला तिला द्यायला काही उरत नाही.

'ओ मिओ बाब्बीनो कारो' सगळ्यांना आवडते आणि मलाही. पण ती अडीच मिनिटांची आहे आणि तिच्यातून वेग, खालचे सूर, अभिनयातले बदल यातलं फारसं काही दिसत नाही. घरच्या कार्यक्रमात गा. यादीत ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

५. 'फाख' हा शब्द सारखा ऐकू येतो. तो काय आहे?

जर्मन नाट्यगृहांतली आवाजांची वर्गवारी. फक्त सोप्रानो म्हणून भागत नाही. हलका चपळ सोप्रानो, विनोदी तरुणींच्या भूमिकांचा, भावगेय, नाट्यमय, असे प्रकार असतात आणि प्रत्येकाच्या भूमिका ठरलेल्या असतात. आवाजाचा पल्ला, वजन, रंग आणि कोणत्या पट्ट्यात तो न थकता राहतो, यावरून तो ठरतो. नुसता वरचा सूर लागतो म्हणून फाख ठरत नाही. विशीत तो पक्का करायची घाई करू नका. मोठे, जड आवाज तिशीनंतर पिकतात. दोन शिक्षकांची मतं वेगळी पडली तर प्रश्न १९ पाहा.

६. सुरुवात कोणत्या आरियाने करावी?

जिन्यावरून धावत आलात, हात गार आहेत, तोंड कोरडं आहे, अशा वेळी जी आरिया गाता येते तिने. फक्त पहिली आरिया निवडणंच तुमच्या हातात असतं. पुष्कळ जण 'छाप पाडायची' म्हणून यादीतली सगळ्यात अवघड आरिया आधी घेतात. पॅनेल पहिल्या मिनिटातच बरंचसं ठरवतं, हे खरं आहे. म्हणून ते मिनिट सुरक्षित हवं.

७. आरियातला वरचा सूर दहातून सात वेळा नीट लागतो. ठेवू का?

नको. घरी दहातून सात म्हणजे तिथे दहातून चार. घरी, न्याहारीआधी, सलग तीन दिवस लागला तर यादीत घ्या. 'जादूची बासरी'मधल्या रात्रराणीच्या दुसऱ्या आरियातला तो वरचा फा सगळ्यांना ठाऊक आहे. तो हुकला तर पुढचं मागचं कुणाला आठवत नाही. हा सल्ला दिला की मुलं हिरमुसतात. मला त्यांचं दुःख कळतं, पण मत बदलत नाही.

८. आपण आपल्या पट्टीत गातो. आरिया एक सूर खाली घेतली तर चालेल का?

हिंदुस्थानी संगीतात षड्ज गायकाचा असतो. ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहिलेली असते आणि ऐंशी वादकांसमोर तेच कागद असतात. त्यामुळे उत्तर सहसा 'नाही'. पट्टी खाली घ्यावी लागत असेल तर ती आरिया अजून तुमची झालेली नाही.

अपवाद आहेत. रोसिनीच्या १८१६ च्या 'सेव्हिलच्या न्हाव्या'मधली रोझिनाची आरिया मूळ 'मी' (E) मेजरमध्ये, खालच्या स्त्री-आवाजासाठी लिहिलेली आहे. सोप्रानो ती अर्धा सूर वर, फा मेजरमध्ये गातात आणि दोन्ही सर्रास छापलेल्या मिळतात. 'ला बोएम'मधली टेनरची (उंच पुरुष-आवाजाची) 'के जेलिदा मानीना' नाट्यगृहांत पुष्कळदा अर्धा सूर खाली घेतली जाते. पण नवख्याने ऑडिशनला ती खाली आणली की वरचा 'दो' (हाय सी) नाही, हे त्याने स्वतःच सांगितल्यासारखं होतं. ऑपेराबाहेरची गीतं, म्हणजे जर्मन लीड किंवा फ्रेंच मेलोडी, हवी त्या पट्टीत गाता येतात.

९. इटालियन, जर्मन येत नाही. शब्द देवनागरीत लिहून पाठ केले तर चालतील ना?

पहिल्या दिवशी चालतील, दहाव्या दिवशी नाही. देवनागरीत व्यंजनं छान बसतात, स्वर बसत नाहीत. इटालियनमध्ये 'ए' आणि 'ओ' प्रत्येकी दोन आहेत, उघडा आणि मिटलेला, आणि आपल्याकडे उघड्या 'ए'ला अक्षरच नाही. तो ए आणि ॲ यांच्या मधे कुठेतरी आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय उच्चारलिपी शिका, आठवड्याभरात येते. त्याशिवाय प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहा. संपूर्ण ओळीचा भावार्थ पुरत नाही. 'नको' हा शब्द नेमका कोणत्या सुरावर येतो, ते माहीत असायला हवं.

मराठी माणसाला इथे काही गोष्टी आयत्याच मिळतात आणि त्या कुणी सांगत नाही. इटालियनचा 'त' आपला दंत्य त आहे, 'द' आपला द आहे. तरी आपली मुलं इंग्रजीच्या सवयीने 'टुट्टो' म्हणतात. म्हणायचं 'तुत्तो', आणि मधला जोड 'सत्ता'मधल्या त्त इतका घट्ट. इंग्रज विद्यार्थ्यांना या जोडाक्षरांवर महिने घालवावे लागतात. आपले दोन च तर देणगीच आहेत. 'पाचे'मधला च 'चिमणी'चा, आणि 'ग्रात्सिए'मधला त्स म्हणजे 'चाक', 'चमचा' यांतला च. 'मेझो'तला झ म्हणजे 'जाळं'मधला ज. जर्मनमध्ये जिथे झेड लिहिलेला असेल तिथे पुन्हा तोच 'चाक'चा च. जर्मन 'इख'च्या शेवटी ख नाही आणि श पण नाही. 'ह्या' म्हणताना अगदी सुरुवातीला जी हवा घासून जाते, ती तिथे हवी.

घात करतो तो 'व'. आपला व ओठांचा, सैल असतो. इटालियनमध्ये खालचा ओठ वरच्या दातांना टेकला पाहिजे. 'व्हॉय के सापेते' म्हणताना आरशात बघा, दात ओठावर दिसले पाहिजेत. 'फ'चंही तसंच.

१०. पियानिस्टला नोटेशन कसं द्यावं? आयपॅड चालेल का?

हा प्रश्न कमी जण विचारतात आणि त्यात सगळ्यात जास्त जण घसरतात. तो पियानिस्ट सकाळपासून तीस जणांना साथ करतोय. तुमचा कागद हीच त्याची आणि तुमची एकमेव तालीम.

रिंगची फाइल घ्या, सपाट उघडी राहणारी. पानं पाठपोट छापा, म्हणजे पानं उलटण्याचं काम निम्मं होतं. चकाकणारे प्लॅस्टिकचे खिसे नकोत, दिव्याखाली त्यावर काही दिसत नाही. झेरॉक्समध्ये डाव्या हाताची खालची ओळ कापली गेली नाही ना, ते प्रत्येक पानावर तपासा. प्रत्येक आरियाला बाहेर आलेली चिठ्ठी लावा. जिथे काट-छाट असेल तिथे जाड पेनाने 'इथून' आणि 'इथे' दाखवा आणि मधलं पान असेल तर काढूनच टाका. स्वतःची कादेन्झा (साथ थांबल्यावर एकट्याने घ्यायची सजावटीची जागा) असेल तर ती सुरावटीसकट लिहून ठेवा.

माझी एक गोष्ट सांगते. हँडलच्या आरियात पहिला भाग परत घ्यायचा नव्हता. मी ते पेन्सिलने, अगदी फिकट लिहिलं होतं, कारण पुस्तक उसनं होतं. पियानिस्टने साहजिकच परत सुरुवात केली. मी तोवर हात खाली करून, शेवट झाला म्हणून, उभी होते. चार मात्रा तो एकटाच वाजवत राहिला. चूक माझीच होती. त्या खोलीतला तो फिकट पेन्सिलीचा बाण मला अजून दिसतो.

लय सांगताना चुटक्या किंवा टाळी वाजवू नका. पियानोजवळ जाऊन हळू आवाजात पहिली ओळ गुणगुणा, तेवढ्यात त्याला सगळं कळतं. आयपॅडबद्दल विचारलंत तर स्वतःचा आयपॅड पियानिस्टच्या हाती देऊ नका. त्याला स्वतःचा वापरायचा असला तर पीडीएफ आधी पाठवलेली बरी. शेवटी त्याचे आभार मानायचे, मग पॅनेलचे.

११. अभिनय किती करायचा? कपडे कोणते?

जागेवरून चार पावलं इकडे-तिकडे, एवढं पुरे. खुर्ची, फूल, पत्र असलं काही आणू नका. गाण्यात जिच्याशी बोलतोय ती व्यक्ती पॅनेलच्या डोक्यावर थोडी मागे आहे असं धरा. पॅनेलमधल्या कुणाच्या डोळ्यांत बघून गाऊ नका, त्यांना लिहिता येत नाही. कपडे एखाद्या चांगल्या समारंभाला जाल तसे. साडी? जरूर, नेसून चालण्याची आणि पोटभर श्वास घेण्याची सवय असेल तर. बुटांत मात्र आधी आठवडाभर गा. टाचांची उंची बदलली की श्वास बदलतो.

१२. व्हिडिओ पाठवायचा आहे. फोनवर चालेल?

चित्रासाठी फोन चालतो. आवाजासाठी वेगळा माइक हवा, निदान दोन-अडीच मीटर अंतरावर, आणि फोनचं 'ऑटो' बंद. नाहीतर मोठ्या सुराला फोन आवाज आपोआप दाबतो आणि नेमकी तुमची ताकद त्यात दिसत नाही. एक आरिया एका दमात, मधे न कापता. एको वाढवू नका, सूर दुरुस्त करू नका. ऐकणाऱ्यांना ते लगेच कळतं. साथीला माणूस हवा, रेकॉर्ड केलेला ट्रॅक नको. मुंबईत एसी, पंखा आणि रिक्षा यांच्यातून सकाळी सहाची वेळ शोधावी लागते. त्यापेक्षा एखाद्या चर्चमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात दुपारची परवानगी मागा.

दिवसभरात तीनच प्रयत्न करा. पंधरावा टेक पहिल्यापेक्षा चांगला झालेला मी अजून ऐकलेला नाही.

१३. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी काय करायचं?

आदल्या दिवशी पूर्ण आवाजात गाऊ नका. शब्द बोलून म्हणा, अर्थासकट. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवू नका. आंबट पाणी वर येऊन सकाळी आवाज जड होतो. झोपण्याआधी तीन तास जेवण आटपलेलं बरं. सकाळी गळा तापवायला तिथे खोली मिळेलच असं धरू नका. मुक्कामाच्या जागीच वीस मिनिटं हलका रियाज करून निघा आणि वाटेत ओठ मिटून गुणगुणत राहा. परदेशात जात असाल तर निदान तीन दिवस आधी पोहोचा. मुंबई-लंडन विमानातली नऊ-दहा तासांची कोरडी हवा आणि घड्याळाचा फरक या दोन्हींतून आवाज सावरायला वेळ लागतो.

१४. सर्दी झाली. जाऊ की रद्द करू?

नाक वाहत असेल पण बोलण्याचा आवाज स्वच्छ असेल, तर बहुतेक वेळा गाता येतं. आवाज बसला असेल, किंवा हलक्या आवाजातले वरचे सूर फुटत असतील, तर जाऊ नका आणि घसा तपासणाऱ्या डॉक्टरांना स्वरतंतू बघायला सांगा. सुजलेल्या स्वरतंतूंवर जोर लावून गाण्याने खरी इजा होते. वाफ घ्या, पाणी प्या. जेष्ठमध आणि खडीसाखर घशाला बरं वाटायला ठीक आहे, पण त्यांनी स्वरतंतूंची सूज उतरत नाही. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या घेऊन गाणं धोक्याचं, दुखणं कळेनासंच होतं. ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, स्वरतंतूत रक्त साकळण्याचा धोका वाढतो.

गायचं ठरवलं तर आत जाऊन 'मला बरं नाही' असं सांगू नका. सांगितलं की ते सर्दीच ऐकत बसतात. रद्द करायचं तर आदल्या दिवशी, दोन ओळींच्या नम्र मेलने.

१५. मधेच शब्द विसरले तर? पियानिस्टने लय भलतीच धरली तर?

शब्द गेले तर त्याच स्वरावर काहीही म्हणत पुढे जा, पुढच्या ओळीवर सावरा. चेहऱ्यावर आणू नका. पहिल्या दोन ओळींतच फिसकटलं तर शांतपणे 'मी पुन्हा सुरू करते' म्हणण्याला हरकत नाही, पण एकदाच. लय चुकली असेल तर तुम्ही स्पष्ट व्यंजनांनी ती ओढून घ्या. मागे वळून त्याच्याकडे रागाने पाहणं हे पॅनेलच्या लक्षात सगळ्यात जास्त राहतं, कारण उद्या याच माणसांबरोबर तुम्हाला काम करायचं असतं.

१६. एकच आरिया ऐकून 'थँक यू' म्हणाले. मान खाली घालून लिहीत होते. म्हणजे गेलंच ना?

त्यावरून काहीच कळत नाही. लिहितात कारण तिसाव्या माणसानंतर तिसरा कोण होता ते आठवत नाही. एका आरियात हवं ते कळलं म्हणूनही थांबवतात. माझी निवड झाली त्या एका ठिकाणी एकच ऐकली होती, आणि जिथे तीन ऐकल्या, हसून बोलले, तिथून नकार आला.

१७. नकार आला, कारण दिलं नाही. विचारू का?

एकदा, आठवड्याने, छोट्या मेलमध्ये विचारा: पुढच्या तयारीसाठी एखादी सूचना मिळाली तर आभारी राहीन. उत्तर आलं तर आभार माना, वाद घालू नका. आलं नाही तर पुन्हा विचारू नका. मोठ्या संस्था शेकडो जणांना ऐकतात आणि कुणालाच उत्तर देत नाहीत. नकाराची कितीतरी कारणं तुमच्या गाण्याबाहेरची असतात. त्यांच्याकडे तुमच्या प्रकारचे दोन मेझो आधीच असतात, पुढच्या हंगामात त्या भूमिकांचं नाटकच नसतं, टेनर तुमच्यापेक्षा वीतभर बुटका असतो.

१८. 'ऑडिशनमधून शिका' म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

वही ठेवा. बाहेर पडल्यावर तासाभरात, फोन करण्याआधी लिहा. आईला फोन केला की आपण गोष्ट रचतो आणि मग तीच खरी वाटायला लागते.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं (त्यातला रेसितातीवो म्हणजे आरियाआधीचा बोलल्यासारखा गायचा भाग): 'मंगळवार, ११.१०. पंचवीस मिनिटं उशीर, उभीच होते. खोली कोरडी, आवाज परत येत नव्हता, म्हणून दुसऱ्या ओळीपासून ढकलायला लागले. दोराबेल्ला पहिली. रेसितातीवो त्यांनी गाळायला सांगितला, तयारी नव्हती, पहिला सूर शोधावा लागला. मधला भाग चांगला. श्वास शेवटच्या पानावर संपला. दुसरी मागितली: इंग्रजी. फ्रेंच याही वेळी नाही.'

यातून मला तीन कामं मिळाली. रेसितातीवोशिवाय थेट आरियात शिरण्याचा सराव. गाद्या-पडद्यांच्या खोलीत, जिथे आवाज परत येत नाही, तिथे गाण्याचा सराव. आणि तिसरं मागची पानं चाळल्यावर दिसलं: सहा ऑडिशन्समध्ये फ्रेंच आरिया एकदाही मागितली नव्हती. यादीत ती काय करत होती? तिच्यामुळे माझ्याबद्दल चुकीचा समज तर होत नव्हता? मी ती बदलली आणि नवी लगेच मागितली गेली.

'छान झालं', 'वाईट झालं' असं लिहू नका. काय घडलं तेवढंच लिहा. परवानगी असेल तर रेकॉर्ड करा, पण दोन दिवसांनी ऐका. त्याच दिवशी ऐकलं की फक्त चुका ऐकू येतात.

१९. एक म्हणतो आवाज जड आहे, दुसरा म्हणतो हलका. कुणाचं ऐकू?

वहीत तारीख घालून दोघांचंही लिहा आणि थांबा. एकाने म्हटलेलं मत असतं. एकमेकांना न ओळखणारे तिघे तेच बोलले तर त्यावर काम करा. शब्द वेगळे असले तरी तक्रार एकच असू शकते, हेही बघा. 'जर्मन कळत नाही', 'शेवटी थकलेली वाटते' आणि 'आवाज मागे राहतो' या तिन्हींचं मूळ एकाच घट्ट जिभेत असलेलं मी विद्यार्थ्यांत पाहिलं आहे.

२०. वय अठ्ठावीस. उशीर झाला का?

आवाजाच्या दृष्टीने नाही. स्पर्धांच्या नियमांच्या दृष्टीने थोडी घाई करा. प्लासिडो डोमिंगो यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ऑपेरालियाची मर्यादा ३२ वर्षांची आहे, आणि तरुण कलाकारांच्या बऱ्याच योजना तिशीच्या आगेमागे दार बंद करतात. बास आणि जड आवाजांना काही ठिकाणी सवलत असते. नाट्यगृहांच्या थेट ऑडिशनला वयाची अट सहसा नसते.

२१. जर्मनीतल्या ऑडिशन वेगळ्या असतात का?

हो. तिथे सरकारी पैशावर चालणारी सुमारे ८० ऑपेरागृहं आहेत आणि त्यांतली बरीचशी वर्षभराच्या पगारावर गायक ठेवतात. करार पुढे चालू ठेवणार नसतील तर ते गायकाला सहसा ऑक्टोबरअखेरपर्यंत कळवावं लागतं, म्हणून कुठल्या जागा रिकाम्या होणार ते त्यानंतर उलगडत जातं. ऑडिशन पुष्कळदा मुख्य रंगमंचावर होते, अंधाऱ्या प्रेक्षागृहासमोर. तुम्हाला पॅनेल दिसतच नाही. फाख तिथे फार काटेकोरपणे पाहतात (प्रश्न ५). खाजगी एजंटांखेरीज सरकारी रोजगार खात्याची कलाकारांसाठी वेगळी शाखा आहे, झेडएव्ही, आणि तीही गायकांना ऐकून नाट्यगृहांकडे पाठवते. बोलण्यापुरती जर्मन आलीच पाहिजे. तालमी जर्मनमध्ये होतात.

२२. ऑडिशनसाठी पैसे मागतात. हे योग्य आहे?

महाविद्यालयं, स्पर्धा आणि अमेरिकेतल्या पुष्कळ योजना अर्जाची फी घेतात. ते रुळलेलं आहे, पटो न पटो. नाट्यगृह नोकरीसाठी ऐकतं तेव्हा फी मागत नाही. 'भूमिका पक्की, आधी एवढे भरा' असं कुणी म्हणालं, तर तिथे गायक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून बोलावलं आहे. पैसे भरून भूमिका करायच्या उन्हाळी योजनाही असतात. शिकण्यासाठी जायचं तर तिथे आधी जाऊन आलेल्या दोघांशी बोला आणि रोज किती तास कोच मिळतो ते विचारा.

२३. एकल भूमिकेसाठी गेले, कोरसमध्ये जागा देऊ केली. घेऊ का?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात तिघींनी विचारला. जर्मनीतल्या कोरसची नोकरी स्थिर असते, नियमित पगार, रजा, विमा. व्हिसाचाही प्रश्न सोपा होतो. रोज रंगमंचावर उभं राहून ऑपेरा आतून शिकता येतो. दुसऱ्या बाजूला, सकाळ-संध्याकाळच्या तालमींत एकल रियाजाला आवाज आणि वेळ उरत नाही. तिथून एकल भूमिकांकडे वळलेले गायक आहेत, पण थोडे.

निर्णयाआधी तीन गोष्टी लेखी विचारा: छोट्या एकल भूमिका कोरसमधून देतात का, बाहेर ऑडिशनला जायला सुट्टी मिळते का, आणि सुरुवातीचा करार किती हंगामांचा आहे. तिघींपैकी एकीने जागा घेतली. ती आता बाखपासून व्हर्दीपर्यंत सगळं गाते आणि रविवारी मला आवाजाची रेकॉर्डिंग पाठवते. दुसरी नाही म्हणाली आणि मुंबईत शिकवत शिकवत पुढच्या हंगामाची तयारी करते आहे. तिसरीला उत्तर द्यायची मुदत या शुक्रवारी संपते.